कोठीच्या खोलीची किल्ली हाती आली तेव्हा

प्रश्न : माझ्या सासूबाई (आम्ही त्यांना आई म्हणतो) ७८ वर्षांच्या आहेत. मार्चमध्ये न्हाणीघरात पाय घसरून त्यांचा खुबा मोडला. तेव्हापासून त्या काठीच्या आधाराने घरातल्या घरात चालतात आणि कोठीच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली आहे. घटस्थापनेपूर्वी घर झाडायला काढले तेव्हा एकेक डबा उघडून पाहिला आणि डोक्याला हात लावला. दोन वर्षांपूर्वीचा वीस किलो तांदूळ, एरंडेल लावलेली तूरडाळ, राजमा, भोके पडलेली चवळी, जाळी धरलेला रवा, ‘बेस्ट बिफोर’ची तारीख उलटून सात महिने झालेली बेसनाची तीन पाकिटे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले चार किलो शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यातला गोडा मसाला, पापड-कुरडयांचे डबे, पाच वर्षांचे लिंबाचे लोणचे, गूळ, मध, दूध पावडर, कस्टर्ड पावडर, बेकिंग पावडर, अननसाचा एक फुगलेला डबा, आमरसाचे दोन चांगले डबे आणि नणंदेचा मुलगा लहान असताना आणलेले बाळाच्या खाण्याचे अर्धे खोके, इतके निघाले. माझे यजमान म्हणतात, तारीख गेली ते सगळे टाक. आई म्हणतात, अन्न टाकायचे नसते, ऊन दाखव आणि वापर. जाऊबाई म्हणतात, कामाच्या मावशींना देऊन मोकळी हो. मी काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरातली तीनही मते प्रामाणिक आहेत, पण तिन्हींत एकच चूक आहे. तिघांनीही कोठीतल्या सगळ्या सामानाला एकच नियम लावला आहे. तांदूळ, शेंगदाणे आणि अननसाचा डबा हे तीन पदार्थ एकाच खोलीत ठेवलेले असले, तरी त्यांच्या जुने होण्याच्या रीती अगदी वेगळ्या आहेत. एक जुना झाला की सुधारतो, दुसरा बाहेरून बरा दिसत असताना घातक झालेला असू शकतो, आणि तिसऱ्याला तर उघडून पाहण्याचीही गरज नाही. म्हणून डबे तारखेप्रमाणे न लावता, आतला पदार्थ कशाने बिघडतो त्याप्रमाणे लावा, एवढीच माझी पहिली सूचना आहे.

आधी तुमच्या यजमानांच्या तारखेविषयी बोलू. ‘बेस्ट बिफोर’ याचा अर्थ त्या दिवसापर्यंत पदार्थाची चव, वास, पोत आणि रंग उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे राहतील एवढाच असतो. त्या तारखेनंतर तो पदार्थ खाण्यास सुरक्षितही असू शकतो, फक्त त्याची प्रत उतरलेली असेल, असेच आपल्याकडच्या नियमांतही मानलेले आहे. ‘युज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ हे शब्द मात्र त्याहून कडक आहेत, कारण त्या तारखेनंतर पदार्थ विकूही नये आणि खाऊही नये असा त्यांचा अर्थ आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक विनियमांत ही दुसरी तारीख छापणे बंधनकारक झाले आणि ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक राहिले, त्यामुळे अलीकडच्या पाकिटांवर तुम्हाला ‘युज बाय’ जास्त दिसेल. कोरड्या रव्यावरची ‘युज बाय’ आणि पनीरवरची ‘युज बाय’ एकाच तोलाची नाही, हे मलाही कळते. परंतु खाऊ नये असे जिथे स्पष्ट छापले आहे तिथे खा असे या सदरातून मी सांगणार नाही. तुमच्या यादीत अशी पाकिटे असली तर ती बाजूला काढा. मात्र तुमचे बरेचसे सामान वाण्याकडचे सुटे किंवा घरी केलेले दिसते, आणि त्याला तारीखच नाही. आणखी एक गोष्ट यजमानांना अवश्य सांगा : पाकिटावरची तारीख, ती कोणतीही असो, बंद पाकिटाची आणि थंड, कोरड्या जागेची असते. पाकीट फोडून, कोपरा दुमडून, त्याला रबर लावून ते गॅसच्या वरच्या फळीवर ठेवले की तारीख उलटायच्या आधीच बेसन बिघडू शकते.

आता आईंच्या ‘ऊन दाखव’विषयी. तुम्ही सांगलीच्या आहात, तेव्हा हरिपूरची हळदीची पेवे तुम्हाला ठाऊक असतीलच. जमिनीखालच्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षे राहत असे, तिला कीड लागत नसे, कारण आत ओल नव्हती आणि हवेची ये-जा नव्हती. २००५ च्या महापुराचे पाणी पेवांत शिरले आणि वर्षे टिकणारा तो माल थोड्याच दिवसांत गेला. कोरडे अन्न नुसत्या वयाने फारसे बिघडत नाही. त्याला बिघडवणाऱ्या गोष्टी म्हणजे ओल, हवा, उष्णता आणि कीड. वैशाखात धान्याला ऊन दाखवण्याची आपली रीत ओल आणि कीड या दोहोंवर उत्तम आहे, त्यामुळे आईंचे म्हणणे डाळी-कडधान्यांच्या बाबतीत अगदी रास्त ठरते, फक्त तांदळाला कडक ऊन नको. पण तेल खवट झाल्यावर उन्हाने ते अधिकच खवट होते, आणि बुरशीने एकदा विष सोडले की ऊन त्याचे काही बिघडवू शकत नाही. म्हणून आईंचा उपाय शेंगदाणे, खोबरे, बेसन आणि मसाला यांच्यापाशी थांबवावा लागेल.

तुमच्या यादीत मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती चार किलो शेंगदाण्यांची, म्हणून त्यांच्यावर जरा सविस्तर लिहिते. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेले दाणे दोन पावसाळे काढतात, तेव्हा त्यांना दोन वेगळे रोग होऊ शकतात. पहिला खवटपणाचा, म्हणजे दाण्यातल्या तेलाचा हवेशी संयोग होऊन त्याला जुन्या रंगासारखा उग्र वास आणि घशाला धरणारी चव येण्याचा. खवट दाण्याने लगेच विषबाधा होत नाही, पण पदार्थ नासतो. मी स्वतः एकदा एकादशीच्या दिवशी, पाहुणे जेवायला बसलेले असताना, बरणीच्या तळातल्या दाण्यांचे कूट वास न घेता साबुदाण्याच्या खिचडीत घातले होते. खिचडी दिसायला मोत्यांसारखी मोकळी झाली होती आणि एकानेही दुसऱ्यांदा मागितली नाही. तेव्हापासून मूठभर दाणे भाजून, एक दाणा चावून पाहिल्याशिवाय मी कूट करत नाही.

दुसरा रोग बुरशीचा आहे आणि तो गंभीर आहे. अस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट-पिवळी बुरशी ओल्या किंवा दमट दाण्यांवर, मक्यावर, सुक्या खोबऱ्यावर आणि लाल मिरच्यांवर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृताला बाधते आणि फार काळ पोटात जात राहिले तर यकृताच्या कर्करोगाला कारण होते. या विषाचा शोध १९६० साली इंग्लंडमध्ये लागला, कारण तिथे शेंगदाण्याची पेंड खाऊन सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले. आपल्याकडे १९७४ साली राजस्थान आणि गुजरातमधल्या आदिवासी खेड्यांत अवेळी पावसाने भिजलेला, बुरसटलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या लोकांपाशी दुसरे धान्य नव्हते, म्हणून त्यांनी तो खाल्ला. आपल्यावर तशी वेळ नसताना चार किलो दाण्यांसाठी हा धोका घेण्याचे काहीच कारण नाही. हे विष भाजल्याने किंवा शिजवल्याने पुरते जात नाही, त्याला वास नसतो, चवही नसते, आणि ते दाण्याच्या वरच्या सालीपुरते राहत नाही. म्हणून दाणे परातीत पसरा, पाच-दहा दाणे मधून फोडून आत पाहा. दाण्याच्या दोन पाकळ्यांमध्ये हिरवट, करडी किंवा काळपट भुकटी दिसली, किंवा पिशवीचे तोंड उघडताच कुबट वास आला, तर चांगले दाणे निवडत बसू नका, सगळी पिशवी टाका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांनाही हाच न्याय लावा. वाटीच्या आतल्या बाजूला नुसता पिवळसर तेलकटपणा असेल आणि वास खवट नसेल, तर खोबरे किसून मंद भाजून लगेच वापरता येते. पण हिरवी-काळी बुरशी धरली असेल तर चाकूने खरवडून उरलेली वाटी वापरण्याची जी घरोघरची रीत आहे ती कृपया सोडून द्या.

टाकायचे दाणे गाईला घालू नका, हे मला वेगळे सांगावेसे वाटते, कारण आपल्याकडे असे काही टाकायचे म्हटले की पहिला हात गाईच्या पाटीकडेच जातो. बुरसटलेली पेंड किंवा दाणे गाईने खाल्ले की त्या विषाचे एक रूप तिच्या दुधात उतरते, आणि ते दूध कोणाच्या तरी लहान मुलाच्या पेल्यात जाते.

बेसनाच्या पाकिटांचा निकाल लावायला दोन मिनिटे पुरतील. कच्च्या बेसनाला मुळातच किंचित कडवट वास असतो, त्यामुळे नुसते हुंगून नवख्या माणसाला नेमके कळत नाही. प्रत्येक पाकिटातले दोन चमचे बेसन कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजा. चांगल्या बेसनाचा खमंग वास स्वयंपाकघरभर पसरतो. खवट झालेल्या बेसनाचा वास भाजताना अधिकच उग्र होतो आणि चिमूट जिभेवर ठेवली तर शेवटी कडूपणा राहतो. पास झालेले बेसन पिठले, झुणका, कढी, कोथिंबिरीच्या वड्या अशा त्याच दिवशी संपणाऱ्या पदार्थांत घाला. लाडू मात्र करू नका. पाव किलो महागाचे तूप आणि दोन तासांचे भाजणे सात महिने उलटलेल्या बेसनावर खर्च करणे हा व्यवहार नाही, आणि लाडू पंधरा दिवस राहायचे असतात. एकूणच, या कोठीतल्या कोणत्याही जुन्या वस्तूचा दिवाळीच्या फराळात उपयोग करू नका, कारण फराळ डब्यात राहतो आणि दुसऱ्यांच्या घरीही जातो.

गोडा मसाला किती टिकेल हे त्यातल्या जिनसांवर ठरते. गोड्या मसाल्यात तीळ आणि खोबरे असते, म्हणजेच तेल असते, आणि ते भाजून कुटलेले असल्यामुळे हवेला अधिक उघडे पडते. बरणीत हिंगाचा खडा ठेवला असला तरी खवटपणा त्याने थांबत नाही. चमचाभर मसाला तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळा. दगडफूल, लवंग, दालचिनीचा मंद का होईना पण ओळखू येणारा वास आला, तर मसाला नुसता निवलेला आहे. तो आमटीत नेहमीच्या दीडपट घाला, सोबत ताजी भाजलेली धने-जिऱ्याची पूड घाला आणि महिन्याभरात संपवा. भरल्या वांग्यांना तो चालेल, मसालेभाताला चालणार नाही, कारण तिथे मसाल्याशिवाय लपायला दुसरे काही नसते. चोळल्यावर तेलकट, शिळा वास पुढे आला तर मसाला गेला असे समजा.

रव्याला जाळी धरली आहे असे तुम्ही लिहिता. जाळी ही पतंगाच्या अळीची असते. ती विषारी नाही, आणि आपल्या आज्यांनी असा रवा चाळून, भाजून आयुष्यभर वापरला. एखाददुसरी अळी असेल तर चाळून, भाजून घ्या किंवा डब्यासकट चार-पाच दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे अंडीही मरतात. पण रव्याच्या गुठळ्या लोंबत असतील, तळाशी तांबूस भुकटी असेल, किंवा लहान तपकिरी किडे झालेले असून रव्याला औषधासारखा उग्र वास येत असेल, तर तो किड्यांच्या शरीरातून सुटणाऱ्या द्रव्याचा वास असतो आणि तो भाजून जात नाही. अशा रव्याचा उपमा कोणी खाणार नाही. एक सूचना मात्र तातडीची आहे : धान्याच्या डब्यांत तळाशी करड्या रंगाच्या पारद टिकड्या किंवा बोरिक पावडरीच्या पुरचुंड्या आहेत का, हे सगळे डबे उपसून पाहा. जुन्या पिढीने त्या सर्रास वापरल्या. पारद टिकडीत पारा असतो, ती फुटून भुगा झालेली आढळली तर त्या डब्यातले धान्य वापरू नका. बोरिक पावडर लावलेला तांदूळ वापरायचा झाला तर तीन-चार पाण्यांनी चोळून धुतल्याशिवाय वापरू नये.

आता तांदळाकडे येऊ, कारण इथे तुमच्या यजमानांना हार मानावी लागेल. जुन्या तांदळाला बाजारात भाव नव्याहून अधिक असतो. साठवणीत तांदळाच्या दाण्याची रचना बदलते, तो पाणी जास्त पितो, जास्त फुगतो आणि चिकटत नाही. मूठभर तांदूळ चावून पाहा. कटकन तुटला, कुबट वास नसला, बोटाला पांढरी भुकटी फार लागली नाही, तर तो तांदूळ तुमच्या कोठीतली सर्वांत चांगली वस्तू आहे. टोके (धान्यातले किडे) असतील तर दोन दिवस सावलीच्या कडेला, थेट उन्हात नाही, पसरा. कडक उन्हात तांदळाला तडे जातात आणि भाताची कणी होते. दर वाटीमागे पाव ते अर्धी वाटी पाणी जास्त घाला, शिजवण्याआधी अर्धा तास भिजवा, आणि मसालेभात, पुलाव, दही-बुत्ती यांना हाच तांदूळ काढा. उकडीच्या मोदकांना तो उपयोगाचा नाही, कारण उकडीला चिकटपणा हवा आणि तोच यातून गेलेला आहे.

डाळींचे गाऱ्हाणे वेगळे आहे. जुनी डाळ खाण्यास वाईट नसते, पण शिजत नाही. उष्णतेत आणि दमटपणात राहिल्यावर डाळीच्या पेशींना सांधणारे पेक्टिन कॅल्शियम-मॅग्नेशियमशी बांधले जाते आणि उकळत्या पाण्यातही सुटत नाही. त्यात बोअरचे जड पाणी घातले तर पाच शिट्ट्यांनीही वरण खाली कण आणि वर पाणी असे राहते. एरंडेल काढण्यासाठी डाळ कोमट पाण्याने दोनदा चोळून धुवा, तासभर कोमट पाण्यात भिजवा, मीठ आणि चिंच शिजल्यावरच घाला, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. सोड्याने ब जीवनसत्त्व थोडे कमी होते, पण न शिजलेले वरण ताटात टाकून देण्यापेक्षा ते परवडले. याहून सोपी वाट म्हणजे डाळ शिजवूच नये. तूर, मूग, हरभरा आणि थोडे तांदूळ रात्री भिजवून सकाळी आले-मिरचीबरोबर वाटा आणि धिरडी घाला. वाटल्यावर जुन्या डाळीचा हट्ट राहत नाही, आणि तुमच्या कोठीतल्या तीन-चार डब्यांचा तळ पंधरा दिवसांत दिसू लागेल.

भोके पडलेली चवळी पाण्यात टाका. वर तरंगते ती पोकळ झालेली असते, ती काढून टाका. निम्म्याहून अधिक तरंगली तर उरलेलीही नको, कारण प्रत्येक भोकात भुंग्याची विष्ठा आहे. राजम्याबाबत एक पथ्य पाळा : त्याची धिरडी कधीही करू नका. कच्च्या किंवा अर्ध्या शिजलेल्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे द्रव्य असते, त्याने दोन-तीन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. रात्रभर भिजवून पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळ उकळा, मग कुकरला लावा. जुना राजमा इतके करूनही दाताखाली टणक लागला तर तो चव म्हणूनही खाऊ नका.

डब्याबंद अन्नाबद्दल थोडक्यात, पण ठामपणे लिहिते. अननसाचा फुगलेला डबा उघडू नका, चव तर मुळीच घेऊ नका. आंबट फळांचे डबे कधी कधी आम्लाची पत्र्याशी क्रिया होऊन तयार झालेल्या वायूनेही फुगतात, पण डबा त्याने फुगला की जंतूंनी, हे बाहेरून कोणालाही सांगता येत नाही. काही जंतूंचे विष असे असते की अन्नाचा वास आणि रंग बदलत नाही आणि चमचाभर चव घातक ठरू शकते. डबा दोन पिशव्यांत घालून, कोणी कचऱ्यातून उचलून घेणार नाही अशा रीतीने टाका. आमरसाचे डबे फुगलेले नसतील, कडेच्या सांध्यावर पोच किंवा गंज नसेल, झिरपलेले नसतील, आणि तारीख ‘बेस्ट बिफोर’ची असून नुकतीच उलटली असेल, तर ते उघडून लगेच स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढा. उरलेला रस डब्यातच ठेवून फ्रीजमध्ये ढकलू नका.

कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचा स्टार्च. कोरडी आणि भुरभुरीत असेल तर बिघडण्यासारखे तिच्यात फार काही नाही, सूप दाट करायलाही ती चालते, फक्त व्हॅनिला अंगावर येणार नाही इतपतच घाला. बेकिंग पावडरचा एक चमचा उकळत्या पाण्यात टाका, जोरात फसफसली तर ठीक, नुसती विरघळली तर केक बसेल. मध साखरला असेल तर बरणी कोमट पाण्यात ठेवा. तो खराब झालेला नाही, पण एक वर्षाखालच्या बाळाला तो ताजा असला तरी चाटवायचा नसतो, हे घरातल्या सर्व आज्या-पणज्यांना सांगून ठेवा. गूळ काळसर झाला, पाझरला, तरी चालतो. पाक करून गाळून ठेवा आणि आमटी, खीर, पुरणाला वापरा. आंबूस किंवा दारूसारखा वास आला असेल तर तो फसफसला आहे, तो टाका. दूध पावडरीत स्निग्धांश असतो, पिवळट खडे झाले असतील आणि वास मेणचट असेल तर तिचा मोह नको. बाळाच्या खाण्याच्या खोक्याला वास घेऊन पाहू नका, भाजून पाहू नका, तारीख कालची असली तरी टाका.

पापड आणि कुरडया एक दिवस ऊन दाखवून मग तळून पाहाव्यात. उडदाच्या पापडावर पांढरी भुकटी दिसली तर ती बहुधा लाटतानाची पिठी असते, ओल्या फडक्याने पुसली की जाते. पण काळे, हिरवे किंवा गुलाबी ठिपके असतील तर ती बुरशी आहे. कुरडईच्या जाळीत आतपर्यंत नजर जात नाही, म्हणून दोन-तीन कुरडया मोडून मधला भाग पाहा.

राहिला प्रश्न मावशींचा. जाऊबाईंना माझे एवढेच विचारणे आहे की जे त्या स्वतःच्या मुलाच्या ताटात वाढणार नाहीत, ते मावशींच्या मुलाच्या ताटात का जावे. तांदूळ चांगला आहे, तो वीस किलो तुम्हाला जड होत असेल तर त्यातला पाच किलो मावशींना अवश्य द्या, आणि जुना आहे, पाणी जास्त घाला, असे सांगून द्या. जे टाकायच्या ढिगात गेले आहे ते टाकायच्याच ढिगात राहू द्या.

आणि आईंना हे सगळे कसे सांगावे? मला वाटते, सांगू नयेच. कोठीच्या दारात त्यांना खुर्ची द्या आणि परात त्यांच्या पुढ्यात ठेवा. ज्या बाईने पन्नास वर्षे वर्षाचे धान्य भरले, तिचे नाक तुमच्या-माझ्यापेक्षा तरबेज आहे. खवट बेसन तव्यावर पडले की तुम्ही काही बोलायच्या आत त्याच “अगं, हे उतरलंय” म्हणतील, आणि त्यांनी टाकायला सांगितलेली वस्तू टाकताना घरात वाद होणार नाही. फक्त दाण्यांच्या बाबतीत त्यांचे नाकही पुरे पडत नाही, तिथे फोडलेला दाणा दाखवा आणि हळुवारपणे बोला, कारण चार किलो दाणे त्यांनी बहुधा स्वतः निवडून भरलेले असतील. त्या दिवशी घरात वृद्ध, गर्भार किंवा आजारी माणूस असेल तर जुन्या सामानाचा पहिला पदार्थ त्यांच्या ताटात वाढू नका, आधी तुम्ही आणि यजमान खाऊन पाहा. तारखेच्या बाजूने ते बोलले होते, तेव्हा पहिल्या धिरड्याचा मान त्यांचाच.

लिंबाचे लोणचे मी मुद्दाम शेवटी ठेवले. पाच वर्षांत ते काळेभोर झाले असेल, साल जिभेवर विरघळत असेल, आणि बरणीच्या तोंडाशी मिठाचे खडे जमले असतील. ते खडे म्हणजे बुरशी नव्हे, बुरशी लोकरीसारखी असते. कोरड्या चमच्याने एक फोड काढा, बरणीचे तोंड पुसा, दादरा (तोंडाला बांधलेले फडके) बदला आणि ती बरणी कोठीत परत न ठेवता आईंच्या खोलीतल्या कपाटावर ठेवा. ताप आला की मऊ भाताबरोबर त्यांना तेच लागणार आहे.